पहिल्याचे पाणी

ॲरिझोनातल्या ‘क्रीक’ला मराठीत ‘निर्झर’ म्हणू नये, असे माझे म्हणणे आहे. ‘खाडी’ तर मुळीच म्हणू नये. कोशात तो अर्थ आधी सापडतो आणि ठाण्याच्या खाडीपुरता तो बरोबरही आहे. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, लाल खडकांच्या आणि निवडुंगांच्या मुलखात खाडी आणायची कुठून? अमेरिकन बोलीत क्रीक म्हणजे ओढा. हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, तरीही अपुरा. आपल्या ओढ्याला नाव असते, त्याला पूर येतो, त्यात पोरे बुडतात. पण ओढ्याला तारीख नसते. ॲरिझोनातल्या क्रीकला तारीख असते. तिथे क्रीककाठची मालमत्ता विकत घेणारा माणूस खरे तर ती तारीख विकत घेत असतो, आणि बहुतेक वेळा हे त्याला ठाऊक नसते. हे त्याला ठाऊक नसण्यात साहित्यिकांचा, त्यातही आम्हा भाषांतरकारांचा, वाटा आहे. भांडण त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी एक माहितीपत्रक माझ्याकडे भाषांतराला आले. सहसा मी असली कामे घेत नाही. फिनिक्स परिसरात राहणाऱ्या एका मराठी मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला व्हर्डी नदीच्या खोऱ्यात, एका क्रीकच्या काठी, छोटे रँच घ्यायचे होते. थोडे पैसे सांगली जिल्ह्यातल्या सासूबाई घालणार होत्या, गावाकडचा एक तुकडा विकून. आणि सासूबाईंचा नियम असा की कागद मराठीत वाचल्याशिवाय त्या सही करत नाहीत. नियम चांगला आहे.

माहितीपत्रकाची भाषा मला ओळखीची वाटली, कारण ती आमच्याच दुकानातली होती. एकांत. अस्पर्श निसर्ग. कॉटनवुडच्या सळसळत्या पानांतून वाहणारे कालातीत पाणी. यातला ‘कालातीत’ हा शब्द तर कमाल. त्या पाण्याबद्दल दुसरे काहीही म्हणता येईल, पण ते काळाच्या पलीकडचे आहे असे म्हणता येणार नाही. त्याचा थेंबन् थेंब काळाने बांधलेला आहे.

काकूंनी (मी त्यांना काकूच म्हणते) व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला, “पाळी कितव्या दिवशी?”

सून म्हणाली, “आई, क्रीक दारातनंच जातं.”

“कॅनॉल पण दारातनंच जातो की आपल्या.”

ज्यांनी पाटाच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. दारातून वाहणारे पाणी आणि आपले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीखतात विहिरीतला चार आणे हिस्सा लिहिलेला असतो, पाळी लिहिलेली असते, सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो आणि शहाणा माणूस तो आधी वाचतो. ॲरिझोनातही असेच आहे, फक्त नियम वेगळा. तिथे पाळी दिवसांवर लागत नाही, सालावर लागते. ज्याने आधी पाणी वळवून कामाला लावले, त्याचा हक्क आधी. नंतर आलेला त्याच्या मागे. पाणी कमी पडले तर सगळ्यांनी थोडे थोडे कमी घ्यायचे नाही. सर्वांत नंतरच्याचे आधी बंद होते, मग त्याच्या आधीच्याचे, आणि सर्वांत जुना हक्कदार आपला पूर्ण वाटा घेऊन मोकळा होतो. १२ जून १९१९ पर्यंत तर परवानगीही लागत नसे. पाट खणा, पाणी शेतात न्या, झाला हक्क. त्यानंतर राज्याकडे अर्ज करावा लागू लागला. शिवाय सलग पाच वर्षे पाणी वापरले नाही तर हक्क जाण्याची टांगती तलवार.

तेव्हा क्रीकच्या काठावर खुर्ची टाकून बसण्याची किंमत कितीही असो, त्यातून घागर भरून बागेला घालता येईल की नाही, हे ती खुर्ची ठरवत नाही. मैत्रिणीच्या माहितीपत्रकात ‘पाण्याच्या हक्कांसह’ असे ठळक छापले होते. मूळ कागद मागवले तेव्हा तिथे हक्क नव्हता, दावा होता. १८८० च्या दशकातले एक साल सांगणारा दावा. ॲरिझोनात हिला आणि तिच्या उपनद्यांच्या प्रचंड खोऱ्यात कोणाचा हक्क किती आणि कधीपासूनचा, हे ठरवणारा न्यायालयीन खटला १९७४ मध्ये सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे. हजारो दावेदार, पन्नास वर्षे. त्यातला एक दावा म्हणजे ‘पाण्याच्या हक्कांसह’. दाव्याला हक्क म्हणणे ही विक्रेत्याची चलाखी झाली, पण भाषांतरात तो फरक पुसणे ही माझी चलाखी झाली असती.

विहीर आहे की, असे मैत्रिणीच्या नवऱ्याने म्हटले. घरगुती वापराची, मिनिटाला ३५ गॅलनपर्यंत उपसणारी विहीर तिथे बऱ्याच बंधनांतून सुटते, हे खरे. पण ती क्रीकला लागून असली तर दुसरा घोळ आहे. पात्राखालून, वाळूगोट्यांतून सरकणारे पाणी हा त्या प्रवाहाचाच भाग आहे, अशी भूमिका ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये घेतली. म्हणजे विहिरीतून आलेले पाणी कायद्याच्या डोळ्यांनी क्रीकचे असू शकते, आणि मग त्यालाही तारीख लागते. या पाण्यासाठीची संज्ञा इंग्रजी वाचकालाही अडखळवते. मराठीत मला ती पाच मिनिटांत सापडली: झिऱ्याचे पाणी. कोरड्या पात्रात झिरा खणून ज्याने कधी तांब्या भरला आहे, त्याला नदी खालूनही वाहते हे कोर्टाने सांगावे लागत नाही. आपल्या भाषेकडे असे शब्द असताना आपण ‘निर्झर’ कुठून शोधून आणतो, याचे मला खरोखर कुतूहल आहे.

रँचच्या ‘शेकडो एकरांचे’ रहस्य त्यामानाने सोपे. मालकीची जमीन थोडी, बाकी चराईचा परवाना: काही सरकारी जंगलाची जमीन, काही राज्याची. १९३४ च्या चराई कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की असल्या परवान्यातून जमिनीवर मालकी निर्माण होत नाही. केंद्र सरकारच्या जमिनीवर एक गाय-वासरू महिनाभर चारण्याची फी २०१९ पासून २०२५ पर्यंत १.३५ डॉलर होती. विकत घेतल्यासारखे वाटावे इतकी स्वस्त. इतके पुरे.

आता ‘पहिला’ या शब्दाकडे येते, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. काळात पहिला तो हक्कात पहिला. ऐकायला न्याय्य वाटते. रांगेत उभे राहायची सवय असलेल्या कोणालाही पटावे असे. प्रश्न एवढाच की रांग कधीपासून धरायची.

व्हर्डीचे खोरे यवापाय आणि डिल्झे अपाची लोकांचे. १८७१ मध्ये त्यांच्यासाठी तिथे राखीव प्रदेश जाहीर झाला. १८७३ मध्ये जनरल क्रूकच्या मोहिमेपुढे शरण आलेल्यांना कँप व्हर्डीजवळ वसवण्यात आले. तिथे त्यांनी काय केले हे आपल्याला त्यांच्या शत्रूपक्षाकडून कळते. क्रूकच्या पदरी असलेला अधिकारी जॉन बर्क याने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ते नोंदवले आहे. लष्कराने टाकून दिलेली मोडकी अवजारे आणि विस्तवावर टोक कडक केलेल्या काठ्या घेऊन या लोकांनी सुमारे पाच मैल लांबीचा पाट खणला. माती टोपल्यांनी वाहिली. पन्नासावर एकर जमीन ओलिताखाली आणून कलिंगडे-खरबुजे, भाजीपाला लावला. पाणी वळवले, जमिनीला दिले, पीक काढले. गोऱ्या वसाहतकारांच्या स्वतःच्या नियमाने हक्क मिळवायला जे जे करावे लागते ते सगळे.

आणि नेमके तेच अडचणीचे ठरले. पोट भरू लागलेल्या माणसांना सरकारी शिधा लागत नाही, आणि शिधा पुरवण्याची कंत्राटे टूसॉनच्या व्यापाऱ्यांकडे होती. बर्क त्यांच्यावर थेट बोट ठेवतो. १८७५ च्या फेब्रुवारीत सुमारे दीड हजार माणसांना तिथून उठवून डोंगरांतून, फुगलेल्या नद्यांतून, जवळजवळ १८० मैलांवरच्या सान कार्लोसला चालवत नेले. शंभराहून अधिक वाटेत गेली. राखीव प्रदेश रद्द झाला, जमीन वसाहतीला खुली झाली. मैत्रिणीच्या कागदावरच्या दाव्याचे साल त्यानंतरचे आहे.

म्हणजे ‘पहिला’ या शब्दाचा इथला अर्थ ‘आधीच्यांना हाकलल्यानंतरचा पहिला’ असा आहे. हे भाषांतर अलंकारिक नाही. अक्षरशः आहे.

पाच वर्षे पाणी न वापरल्यास हक्क जातो, हे वर आलेच. त्याला आजचा कायदा काही अपवाद करतो: दुष्काळ पडला असेल, किंवा हक्कदार युद्धकाळात लष्करी सेवेत असेल. लष्करात गेल्याचे कारण यादीत आहे. लष्कराने नेल्याचे कारण यादीत नाही.

कोणी म्हणेल, त्यांच्यासाठी वेगळा न्याय झाला आहे. झाला आहे. १९०८ च्या विंटर्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की राखीव प्रदेश दिला म्हणजे त्यासोबत लागणारे पाणीही राखून ठेवले, आणि त्या पाण्याची तारीख राखीव प्रदेश स्थापन झाला ती. मोठा निर्णय. पण तारीख तिथेही दिल्या दिवसापासूनची; हजारो वर्षे राहिल्याची नव्हे. आणि ज्यांचा राखीव प्रदेश देऊन चार वर्षांत काढून घेतला, ज्यांच्यातले काही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायी परत आले आणि ज्यांना जमीन नंतर तुकड्यातुकड्याने मिळाली, त्यांची तारीख कोणती? २०२३ मध्ये नावाहो राष्ट्राच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की १८६८ च्या तहानुसार पाणी राखीव असले तरी ते मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन केंद्र सरकारवर नाही. कागदावर पाणी, नळाला नाही.

मराठी वाचकाला यात नवे काय, असे वाटणे शक्य आहे, आणि इथे मला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याबद्दल सवर्णांनी कोर्टात जो दावा लावला त्याचा एक आधार होता वहिवाट: अनादि काळापासून हे तळे आमचेच, इतरांना मज्जाव करण्याची रूढी प्राचीन. दहा वर्षे खटला चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला, कारण ती रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. ॲरिझोनात आणि महाडात दावे उलट दिशांचे दिसतात. एक म्हणतो, अमुक साली मी पहिला. दुसरा म्हणतो, साल विचारूच नका. दोन्ही ठिकाणी काळ हा कुंपणासारखा वापरला आहे, आणि कुंपणाच्या आत कोण हे आधी ठरवून मग तो मोजला आहे. चवदार तळ्याच्या निकालात मला आवडते ते हे की तिथे कोणीतरी ‘अनादि म्हणजे कधीपासून?’ असे विचारले. ‘पहिला म्हणजे कोणानंतरचा?’ हा त्याच जातीचा प्रश्न आहे, आणि तो व्हर्डीच्या खोऱ्यात विचारायला आपण मराठी माणसे खरे तर सर्वांत तयारीची असायला हवी.

पण आपण तिथे जातो ते एकांत शोधायला. याचा दोष मी दलालांना देत नाही. ते विकतात, त्यांचा धंदा आहे. दोष वाचनाचा आहे. अमेरिकन वाळवंटाचे साहित्य आपल्याकडे आले ते ‘निसर्गलेखन’ अशी चिठ्ठी लावून, आणि चिठ्ठीत न बसणारे आपण डोळ्यांआड केले. मेरी ऑस्टिनचे १९०३ चे ‘द लँड ऑफ लिटल रेन’ घ्या. त्यातली पाने-फुले-कोल्हे आपण उद्धृत करतो. त्याच पुस्तकात ओढ्याच्या पाण्याच्या वाट्यावरून बंदूक घेऊन बसणारी माणसे आहेत, पाटांचे हिशेब आहेत. ती राहत होती त्या ओवेन्स खोऱ्याचे पाणी पुढे लॉस एंजेलिसने नेले. १९१३ मध्ये तो जलमार्ग पूर्ण झाला. एडवर्ड ॲबीच्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’मध्ये गुरे वळणाऱ्यांवर आणि नावाहो लोकांवर प्रकरणे आहेत, आपल्या रसग्रहणांत उरतो तो एकटा पुरुष आणि खडक. कीथ बासो याने १९९६ च्या आपल्या पुस्तकात पश्चिमी अपाची लोकांची स्थलनामे अभ्यासली. ही नावे म्हणजे छोटी वाक्येच असतात: पाणी कुठे आहे, खडक कसा आहे, तिथे काय घडले. नुसते नाव उच्चारून वडीलधारे एखाद्याला त्याचे वागणे चुकल्याची जाणीव करून देतात. जिथे प्रत्येक वळणाला असे वाक्य लटकलेले आहे, त्या प्रदेशाला ‘नि:शब्द’ म्हणायला धाडस लागते. आमच्याकडे ते मुबलक आहे.

यावर सहकारी भाषांतरकारांचे उत्तर मला पाठ आहे. वाचकाला टीपा नको असतात. ललित लेखात पाणीकायदा आणला की लय जाते. माझा अनुभव उलटा आहे: लय जाते ती चुकीच्या शब्दाने. न्यू मेक्सिकोत स्पॅनिश काळापासूनचे सामुदायिक पाट आहेत, ‘असेकिया’. शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला. त्या पाटाची देखरेख करणाऱ्या ‘मायोर्दोमो’वर स्टॅनली क्रॉफर्डचे १९८८ चे अख्खे पुस्तक आहे. याला एका मराठी लेखात ‘मुकादम’ केलेले मी वाचले. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत बंधाऱ्यावरून आलेले पाणी फडाफडात सोडणारा माणूस असतो, त्याला पाटकरी म्हणतात. पाटकरी लिहा. वाचकाला टीप लागणार नाही, आणि त्याला आपोआप कळेल की तिथे टंचाई वाटून घ्यायची पद्धत आहे, रांगेतल्या शेवटच्याला उपाशी ठेवायची नाही. राज्याचा कायदा न्यू मेक्सिकोतही ‘पहिल्या’चाच, तरी २००३ च्या दुरुस्तीने या पाटमंडळांना पाणी बाहेर विकण्याला हरकत घेण्याची ताकद मिळाली. मी फडाचे सोवळे चित्र उभे करत नाही. पाटावर राखण करणारा जागल्या आणि पाण्याचा मालक यांच्यात जात होती, आणि न्यू मेक्सिकोतले पाटही कोणाच्या तरी जमिनीतूनच खणले गेले. पण या शब्दांना माणसे चिकटलेली आहेत. ‘निर्झरा’ला कोणी चिकटलेले नाही, म्हणून तर तो विकायला सोपा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मैत्रिणीनेच घेतला. “मग कोणी कुठे काही घ्यायचंच नाही का? पुण्यातला फ्लॅट कोणाच्या जमिनीवर आहे?” रास्त आहे. भूजलाबाबत तर आपले घरही काचेचेच: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याची जी मोकळीक दिली, तिने सांगली-साताऱ्यात किती बोअर आटवले हे काकू बोटांवर मोजून दाखवतील. शिवाय मैत्रीण फिनिक्स भागात जे पाणी पिते त्यात सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचे पाणी येतेच. खालच्या शहरांचे जुने हक्क आणि वरच्या खोऱ्यातले दावे यांचे भांडण चालू आहे, आणि ती आता दोन्ही बाजूंना असेल. खरेदीच्या नैतिकतेवर निकाल देण्याचा अधिकार मला नाही. घ्या. पण जे घेता त्याचे नाव बरोबर घ्या, आणि ज्यांची उपजीविका नावे बरोबर घेण्यावर आहे त्यांनी तरी ‘कालातीत’ लिहू नये.

काकूंसाठी केलेल्या भाषांतरात मी ‘हक्क’ खोडून ‘दावा’ लिहिले, ‘निर्झर’ येऊ दिला नाही, आणि शेवटी सातबाऱ्याच्या धर्तीवर ‘इतर हक्क’ असा रकाना काढून त्यात १८७१ ते १८७५ चार ओळींत मांडले. माहितीपत्रकात हे नव्हते. भाषांतरकाराने भर घालू नये, असे मैत्रीण चिडून म्हणाली; आमच्या विद्यापीठीय वर्गातही हेच शिकवले होते. मी ती भर ठेवली. काकूंनी ती वाचली, आणखी दोन प्रश्न विचारले (पूर कुठवर येतो, आणि दावा हरला तर पैसे परत का), आणि पैसे निम्मेच पाठवले. रँच घेतले गेले.

माझा खरा वाद दुसरीकडे अडला आहे. अमेरिकन वाळवंटावरच्या निबंधांचा एक मराठी संग्रह मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर आहे. त्यातले तीन निबंध माझे भाषांतर आहेत. संपादकांनी माझा ‘ओढा’ बदलून सात ठिकाणी ‘निर्झर’ केला, ‘पाटकरी’चा ‘मुकादम’ केला आणि व्हर्डीच्या पाटावरची माझी पाच ओळींची टीप काढली, कारण ती ‘रसभंग करते’. मी मुद्रिते परत पाठवली आहेत. ओढा, पाटकरी आणि टीप, तिन्ही जागेवर येणार नसतील तर ते तीन निबंध दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने छापावेत, असे सोबतच्या पत्रात लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.